कॅरॅव्हॅन बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही दोघांनी कॅरॅव्हॅन ट्रेलर घ्यायचं ठरवलंय आणि येत्या रविवारी दोन ठिकाणी बघायला जाणार आहात, हे वाचून बरं वाटलं. पण तुझ्या पत्रात पलंगाची रुंदी, ओट्याचा रंग आणि खिडक्यांच्या पडद्यांवर दीड पान आहे, चाकांबद्दल एक ओळही नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो. गाडीमागे ओढायचं ओझं म्हणून ती आधी तपासा, घर म्हणून नंतर बघा. पलंग कुठलाही सुतार बदलून देईल. आतून कुजलेली भिंत बदलायची तर अर्धी कॅरॅव्हॅन खोलावी लागते.

सुरुवात तुमच्या जीपपासून. मालकाच्या पुस्तिकेत ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येतो आणि हुकवर उभा भार किती चालतो, हे दोन आकडे शोधा. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांच्या पुस्तिकेत हे आकडे नसतातच. मग कंपनीला ईमेल करून लेखी मागवा. शोरूममधला पोरगा ‘काही होत नाही, आरामात ओढते’ म्हणतो, त्याला धरून चालू नका. त्यानंतरचा अंदाज असा : नवशिक्याने भरलेल्या ट्रेलरचं वजन गाडीच्या कर्ब वजनाच्या, म्हणजे माणसं-सामान न भरता असलेल्या वजनाच्या, ८५ टक्क्यांच्या आत ठेवावं. गाडी १८०० किलोची असेल तर १५३० किलो. कंपनीचा आकडा त्याहून कमी असेल तर तोच खरा.

आता ट्रेलरचं वजन. जाहिरातीत छापतात ते रिकाम्याचं, आणि त्यात बॅटरी, एसी, बाहेरचं छत धरलेलं नसतं. समजा रिकामं ८२० आणि पाटीवरचं कमाल वजन ११०० किलो. म्हणजे तुमच्या वाट्याला २८० आले. ८० लिटरची पाण्याची टाकी भरली की ८० गेले. घरगुती सिलिंडर भरलेला साधारण ३० किलो. १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी ५५ धरा, छतावरचा एसी ३५, बाहेरचं छत २५. उरले ५५ किलो. त्यात दोघांचे कपडे, गाद्या, भांडी, खुर्च्या, शिधा बसवून दाखवा! म्हणून विकणाऱ्याला ‘ही किती किलोची?’ असं विचारू नका, ‘हिच्यात मी किती किलो भरू शकतो?’ असं विचारा. तीनशेच्या खाली उत्तर आलं तर पुढची बघा.

वजन तोंडी मानू नका. आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या बाजूला उसामुळे वजनकाट्यांना तोटा नाही. ट्रेलर सोडवून एकटा काट्यावर उभा करा आणि पावती घ्या. मोठ्या काट्यावर पाच-दहा किलो इकडचे तिकडे होतात, तेवढं चालतं. सौद्यात ही पावती सगळ्यात जास्त बोलते.

एकूण वजनाइतकंच ते कुठे बसलंय, हे महत्त्वाचं. बैलगाडी धुरजड झाली की बैलांच्या मानेवर येते आणि उलाळ झाली की जू वर उचलतं. इथेही तसंच, फक्त वेग ८० चा असतो. उलाळ ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो. बाजूने कंटेनर गेला, हवेचा धक्का बसला, की ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो, प्रत्येक झोक्याला वाढतो आणि शेवटी गाडीचं मागचं टोकही ओढून नेतो. म्हणून ट्रेलरच्या एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के भार हुकवर असावा. ११०० किलोला ५५ ते ७७. अमेरिकन व्हिडिओत १० ते १५ टक्के सांगतात. तिथल्या हुकच्या आणि गाड्यांच्या क्षमता वेगळ्या, ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. मोजायची रीत सोपी आहे. सपाट जागी चाकांना उटी (अडवायला दगड किंवा पाचर) लावा, पुढचं छोटं चाक वर घ्या आणि कपलिंगखाली (ट्रेलरचं जे तोंड गाडीच्या हुकवर बसतं, त्याखाली) लाकडी खुंट उभा करून तो घरच्या वजनकाट्यावर टेकवा. खुंटाची उंची अशी घ्या की ट्रेलर सपाट राहील. भार कमी आला तर जड सामान ॲक्सलच्या, म्हणजे चाकांच्या आसाच्या, किंचित पुढे सरकवा. मागच्या डिकीत सिलिंडर, सायकली आणि टूलबॉक्स कोंबले की काम बिघडलंच. हाच हुकवरचा भार तुमच्या गाडीच्या सामानात धरला जातो, हेही विसरू नका.

झोके सुरू झालेच तर ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, गाडीचा ब्रेक करकचून दाबू नका आणि वेग वाढवून ‘सरळ करायला’ तर मुळीच जाऊ नका.

आता अंगावरचे कपडे मळू द्यायचे. सतरंजी आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. पुढच्या त्रिकोणी फ्रेमच्या वेल्डिंगला केसासारखी चीर आहे का, बाथरूमखालच्या चॅनेलला गंज फुगलाय का, स्प्रिंगच्या पाट्यांचे बुश सुटलेत का, हे बघा. गोव्यात समुद्राकाठी उभी असलेली असेल तर गंज दुप्पट बारकाईने बघा, वरून ताजा काळा रंग मारलेला असेल तर चौपट. टायरवर चार अंकी आकडा असतो : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या-उभ्या वाळून फाटतात. नक्षी कोरी करकरीत असली तरी सहा वर्षांच्या वरचे टायर बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर आली किंवा वर-खाली हलवून खडखड लागली तर बेअरिंग गेलं. मग वीस किलोमीटर ओढून आणा आणि दोन्ही चाकांच्या मधल्या तुंब्यांजवळ (हबजवळ) हात न्या. कोमट असतील तर ठीक, एकच चटका देत असेल तर बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक.

भरलेलं वजन ७५० किलोच्या वर जाणार असेल तर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेतच. ओव्हररन ब्रेक (गाडी मंदावली की ट्रेलरच्या रेट्यानेच लागणारा) असेल तर कपलिंग आत ढकलून बघा. दांडा जोर लावल्यावर सावकाश आत गेला पाहिजे. धाडकन गेला तर आतला धक्का झेलणारा डँपर संपलाय. हुक सुटला तर ब्रेक ओढणारी सुटकेची केबल आहे का, ते बघा. गाडीच्या हुकवरचा गोळा, म्हणजे बॉल, ५० मिलिमीटरचा आणि कपलिंग त्याच मापाचं असावं. दोन इंची बॉल जवळजवळ तेवढाच दिसतो, पण तो ५०.८ चा. शेवटी एकाने मागे उभं राहून दिवे तपासा. ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर लुकलुकला तर अर्थिंग खराब आहे. बल्ब बदलून ते सुटत नाही.

यानंतर पाणी. आपल्या भागात हाच खरा शत्रू. जांबोटी, कणकुंबी, आंबोलीकडे पाऊस नुसता वरून पडत नाही, वाऱ्याने आडवा मारतो आणि खिडकीच्या रबरातून, छताच्या सांध्यातून आत शिरतो. जमलं तर पावसातच बघायला जा. नाहीतर बागेचा पाइप घ्या आणि खालून वर सरकत प्रत्येक सांध्यावर पाच-सात मिनिटं धरा. वरून सुरू केलं तर गळती नेमकी कुठली, ते कळत नाही. मग आतली वरची कपाटं उघडा, कोपऱ्यात हात घाला आणि प्लायवर अंगठा दाबा. कडक लागला पाहिजे. मऊ लागला, कागद फुगला असेल किंवा कुबट वास आला, तर निघा. ओलावा मोजायचा छोटा मीटर मिळतो, तो जवळ ठेवा. १५ टक्क्यांच्या आत चांगलं, १५ ते २० ला लक्ष ठेवायचं, २० च्या वर गळती आहे. बाहेरून सांध्यावर सिलिकॉनचे लपके दिसले तर समजा की पाणी आत गेलेलं आहे आणि वरून तोंड दाबलंय. खरी दुरुस्ती म्हणजे पट्टी काढून, जुना थर खरवडून, ब्युटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) लावून पुन्हा बसवणं. एकाच कोपऱ्यात नवं सनमायका दिसलं तर ‘हे का बदललं?’ एवढंच विचारा आणि गप्प उभे राहा.

एवढं पार पडलं तर आत जाऊन बसा. पण पाच मिनिटं नाही, तासभर. पलंग पसरा आणि दोघं झोपा. रात्री एकाला उठायचं झालं तर दुसऱ्याला ओलांडावं लागतं का? बाथरूममध्ये तांब्या उचलून डोक्यावर पाणी घेता येतं का? फोडणी द्यायला उभं राहिलं की पडदा शेगडीपासून किती लांब? गॅसच्या कपाटाला तळाशी उघडी जाळी हवीच, कारण एलपीजी हवेहून जड असतो आणि खाली साठतो. कॅसेट टॉयलेटची, म्हणजे बाहेर काढून ओतायच्या संडासाची, टाकी वीसेक लिटरची असते, ती दोघांना दोन-तीन दिवस पुरते. ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच ओतायची. कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे, तिथल्या ओढ्यात नव्हे.

विजेचा हिशेब थोडक्यात. ४५ वॅटचा फ्रिज निम्मा वेळ चालला तर दिवसाला ५४० वॅट-अवर, २८ वॅटचा पंखा आठ तास म्हणजे सुमारे २२५, दिवे-मोबाइल शंभर. १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी १२८० देते, म्हणजे एक दिवस-रात्र निघते. एसी तीच बॅटरी तासाभरात संपवतो, तेव्हा एसी फक्त बाहेरच्या प्लगवर. त्यासाठी ३० मिलिअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच तोडणारा स्विच) ट्रेलरमध्ये असलाच पाहिजे, कारण रिसॉर्टच्या सॉकेटला अर्थिंग असेलच असं नाही.

उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणीतरी ‘अर्ध्या पैशात बांधून देतो’ म्हणेल. वेल्डिंग तो उत्तम करेल, त्यात शंका नाही, पण ट्रेलरलाही नोंदणी लागते आणि नोंदणीला मंजूर नमुन्याचा कागद लागतो. असं प्रमाणपत्र वाहनं तपासणारी, पुण्याच्या एआरएआयसारखी अधिकृत संस्था देते. तो कागद नसेल तर सौदा नाही. कोल्हापूरकडची एमएच पासिंगची जुनी घेणार असाल तर फॉर्म २८ ची एनओसी, २९ आणि ३० हस्तांतराचे, आणि इथला नंबर घ्यायला फॉर्म २७. कर्नाटकात बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावाच लागतो. कर किती बसेल, ते टोकन देण्याआधी आरटीओत विचारा. फ्रेमवर ठोकलेला चासी नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा. ट्रेलरचा विमा वेगळा घ्या आणि ट्रेलर ओढणार हे गाडीच्या विमा कंपनीला लेखी कळवा.

घरी आणायच्या आधी गल्लीचं वळण टेपने मोजा. शहापूर-वडगावच्या बोळात सहा मीटरचा ट्रेलर वळवणं म्हणजे शेजाऱ्यांना फुकटचा तमाशा. पावसाळ्यात उभी ठेवताना ताडपत्रीने आवळून बांधू नका, आत घाम धरतो. वरती पत्र्याची शेड आणि बाजू मोकळ्या, हे उत्तम.

रिव्हर्सचा सराव मोकळ्या मैदानात करा. हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवा. शेपटी ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात सरकवा, अगदी थोडा. ट्रेलर कोनात दुमडायला लागला की थांबा आणि पुढे घेऊन सरळ करा. मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडण्यापेक्षा फोन चालू ठेवा, संसार टिकेल. पहिली फेरी सपाट रस्त्यावर, मग हायवेवरचे वंटमुरी आणि तवंदीचे घाट. चढायला जो गिअर लागतो, त्याच गिअरमध्ये उतरायचं. चोर्ला घाट पहिल्या वर्षी नको. पहिल्या ५० किलोमीटरनंतर थांबून चाकांचे नट टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या) पुन्हा आवळा.

रविवारी जाताना सतरंजी, टॉर्च, टायर गेज, ओलाव्याचा मीटर आणि लाकडी खुंट बरोबर घ्या. काट्याची पावती, टायरच्या तारखा आणि आरसी यांचे फोटो संध्याकाळी पाठवा. तोवर टोकन देऊ नका.

तुझा,
काका