आधी दुःखाचं प्रकरण उघडा

तुम्ही विचारलंय की श्रद्धा, अध्यात्म, आयुष्याचा अर्थ यांवर नवी पुस्तकं सारखी येताहेत. वर्षभरात सहा घेतली, वाचताना सगळी बरी वाटली, आणि आता एकाचंही काही आठवत नाही. मग निवडायचं कसं? आई गेल्यावर हे वाचन सुरू झालं, असंही तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला तेच वाक्य सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी वीसेक वर्षं या प्रकारची पुस्तकं वाचतेय. नवं पुस्तक हातात आलं की मी प्रस्तावनेकडे वळत नाही. अनुक्रमणिकेत मृत्यू, आजार, ताटातूट यांबद्दलचं प्रकरण शोधते आणि ते आधी वाचते. असं प्रकरणच नसेल तर पुस्तक खाली ठेवते. प्रकरण आहे, पण दोन पानांत लेखक ‘यातून काय शिकायचं’ यावर येऊन पोचलाय, तरीही ठेवते.

ही सवय लागली वडिलांच्या आजारपणात. ते अतिदक्षता विभागात होते आणि मी रात्रभर बाहेरच्या बाकावर. भेटायला आलेल्या एका स्नेह्यांनी प्रेमाने एक पुस्तक हातात दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की प्रत्येक वेदना हा आपण स्वतःच निवडलेला धडा असतो. आत वडिलांना घोटभर पाणी द्यायचीही परवानगी नव्हती. ओला कापूस ओठांवरून फिरवायचा, एवढंच आमच्या हातात होतं. मी भेटीचा पास खूण म्हणून त्या पानात घातला आणि पुस्तक मिटलं. पास अजून त्याच पानात आहे.

या विषयावर लिहिणाऱ्याने काय भोगलंय आणि काय नुसतं मांडलंय, हे ओळखायचं असेल तर एकाच लेखकाची दोन पुस्तकं शेजारी ठेवा. ख्रिस्ती श्रद्धेवर लिहिणारे ब्रिटिश लेखक सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ लिहिलं. देव चांगला आहे तर जगात वेदना का, याची मांडणी त्यात आहे आणि ती नीट, विचारपूर्वक केलेली आहे. १९६० मध्ये त्यांची पत्नी कर्करोगाने गेली. घरात सापडलेल्या कोऱ्या वह्यांत ते लिहीत गेले. त्या वह्या भरल्या की थांबायचं, मुद्दाम नव्या आणायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. त्यातून ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ड’ झालं. १९६१ मध्ये ते एन. डब्ल्यू. क्लर्क या टोपणनावाने आलं. लुईस यांचं नाव त्यावर लागलं ते त्यांच्या मृत्यूनंतर. यात देवाचं दार तोंडावर बंद झाल्याचं ते लिहितात. पुढच्या वहीत आपलंच आधीचं बोलणं तपासून पाहतात, खोडतात, पुन्हा चाचपडतात. श्रद्धा सोडत नाहीत, पण ती शाबूत असल्याचा देखावाही करत नाहीत. पहिलं पुस्तक चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. पण बाकावरच्या त्या रात्री मला दुसरंच लागलं असतं.

अलीकडच्यांत केट बोलर वाचा. त्या ड्यूक विद्यापीठात धर्माच्या इतिहासाच्या प्राध्यापक. श्रद्धा पक्की ठेवली की आरोग्य आणि पैसा मिळतोच, असं सांगणाऱ्या अमेरिकी पंथाचा इतिहास त्यांनी २०१३ मध्ये लिहिला. २०१५ मध्ये, पस्तिसाव्या वर्षी, त्यांना चौथ्या टप्प्याचा कर्करोग निघाला. जे मत त्यांनी अभ्यासक म्हणून तपासलं होतं, तेच आता लोक त्यांच्या दाराशी येऊन सांगू लागले. एक शेजारीण म्हणाली, सगळ्यामागे काहीतरी कारण असतं. त्यांचा नवरा म्हणाला, मग माझी बायको मरतेय त्यामागचं कारण मला ऐकायचंय. २०१८ चं त्यांचं ‘एव्हरीथिंग हॅपन्स फॉर अ रीझन’ हे पुस्तक या सगळ्यातून आलेलं आहे.

त्याच वर्षी आलेलं इलेन पेगल्स यांचं ‘व्हाय रिलिजन?’ मला त्याहून खोल वाटतं. आरंभीच्या ख्रिस्ती ग्रंथांच्या त्या मोठ्या अभ्यासक. सहा वर्षांचा मुलगा गेला, आणि साधारण वर्षभरात नवरा डोंगरावरून पडून गेला. हे त्यांनी पुस्तकरूपाने मांडलं ते तब्बल तीस वर्षांनी. इतका काळ मुरलेलं लिखाण वेगळंच असतं. त्यात टाहो नाही, उपदेशही नाही.

अर्थात लेखकावर संकट कोसळलं म्हणजे पुस्तक चांगलंच, असं नसतं. स्वतःचं दुःख भडक करून मांडणारीही पुस्तकं आहेत, आणि लोका सांगे ब्रह्मज्ञान या जातीची तर कितीतरी. फरक एका खुणेवरून कळतो: न सुटलेली निदान एक गोष्ट लेखकाने न सुटलेलीच ठेवलीय का?

शांतपणाबद्दल वाचायचं असेल तर प्रवासलेखक पिको अय्यर यांचं २०२५ मधलं ‘अफ्लेम’. १९९० च्या वणव्यात त्यांचं घर जळालं. पुढच्या वर्षापासून ते कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या एका कॅथलिक मठात राहायला जाऊ लागले आणि तीसेक वर्षांत शंभराहून जास्त वेळा गेले. स्वतः ख्रिस्ती नसताना. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाण्याने माणसाचं काय होतं, ते यात दिसतं. तसं एकाच पुस्तकाकडे आपण जातो का? तुमची सहा पुस्तकं आठवत नाहीत त्याचं एक कारण मला हेच वाटतं. एक संपलं की लगेच दुसरं घेतलंत. मी एका वेळी एकच वाचते, रोज पाच-सात पानं, आणि सहा महिन्यांनी तेच पुन्हा काढते. दुसऱ्या वेळी पेन्सिलीच्या खुणा भलत्याच ठिकाणी पडतात. पहिल्या वेळच्या खुणा पाहून कधी कधी कळत नाही, यात मला काय एवढं भावलं होतं.

आई जाऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलं नाहीत. दोन-तीन महिनेच झाले असतील तर लुईस यांच्या त्या वह्या पुरेत. पुस्तक अगदी लहान आहे. तेही जड वाटलं तर आत्ता काहीच वाचू नका, तिच्याबद्दल आठवेल ते वहीत लिहा. आणि त्या सहा पुस्तकांची नावं मला कळवा. त्यांतलं मी जे वाचलं असेल, त्यातलं नेमकं कोणतं प्रकरण आधी उघडायचं ते सांगते.