मुलीला गणित आवडतंय? सुरुवातीला एवढंच करा

ताई, मुलगी आठ वर्षांची आहे आणि आपणहून आकड्यांशी खेळत बसते म्हणताय, हे फारच छान आहे, आता घाई करून ते बिघडवू नका एवढीच विनंती. बरीच वर्षं मुलांसोबत गणित करतोय म्हणून सांगतो.

१) वेगाच्या मागे लागू नका. पाढे यायलाच हवेत, पण आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडमध्येसुद्धा (शाळकरी मुलांची जागतिक गणित स्पर्धा) दोन दिवसांत मिळून ६ च प्रश्न असतात, रोज साडेचार तास, म्हणजे एका प्रश्नाला दीड तास! त्यामुळे पोरगी एका गणितावर अर्धा तास अडकली तर अडकू दे.

२) पुढच्या इयत्तेचं पुस्तक लगेच हातात देऊ नका, सगळ्यात कॉमन चूक हीच. आहे त्यातच खोल जाऊ दे. उदा. तिला १+३, मग १+३+५, मग १+३+५+७ करायला सांगा. ४, ९, १६ येईल. वर्गसंख्याच का येतात हे प्लीज सांगून टाकू नका, कागदावर ठिपके काढू दे, चौकोनाच्या दोन बाजूंना आणि कोपऱ्यात नवे ठिपके लावले की पुढचा चौकोन तयार होतो हे तिचं तिला दिसलं पाहिजे, तेव्हा पोरांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

३) उत्तर बरोबर असलं तरी "कसं काढलंस?" विचारा.

क्लास, स्पर्धा वगैरे नंतर बघू, तिने स्वतः मागितल्यावर. आधी ठिपक्यांचं करून बघा आणि ती काय म्हणाली ते कळवा.