प्रत्यार्पण लांबले म्हणून आरोपी सुटतो का?

प्रश्न: भारतात गुन्हा करून ब्रिटनमध्ये गेलेल्या माणसाचे प्रकरण पंधरा-वीस वर्षे रेंगाळले, तर 'आता फार काळ लोटला' एवढ्याच कारणावरून तिथले न्यायालय त्याला परत पाठवण्यास नकार देऊ शकते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नकार देता येतो, पण नुसती वर्षे मोजून नाही. भारत आणि ब्रिटन यांच्यातील १९९२ च्या प्रत्यार्पण कराराच्या नवव्या अनुच्छेदानुसार, कथित गुन्ह्यानंतर लोटलेला काळ आणि एकूण परिस्थिती पाहता परत पाठवणे अन्यायाचे किंवा जाचाचे ठरेल, असे संबंधित व्यक्तीने पटवून दिले, तर मागणी फेटाळता येते. ब्रिटनच्या २००३ च्या प्रत्यार्पण कायद्यातही हीच कसोटी आहे.

'अन्याय' आणि 'जाच' हे दोन शब्द हौसेने जोडीने वापरलेले नाहीत. सायप्रसने मागितलेल्या काकिस या आरोपीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे ब्रिटनमधील सर्वोच्च न्यायपीठ) १९७८ मध्ये त्यांतला फरक स्पष्ट केला. साक्षीदार किंवा कागदपत्रे हाती न राहिल्याने बचाव करणेच कठीण झाले, तर तो अन्याय. आणि मधल्या काळात माणसाचे आयुष्य इतके बदलले की त्याला आता उपटून नेणे असह्य व्हावे, तर तो जाच. काकिसने इंग्लंडमध्ये बस्तान बसवले होते, त्याच्या बाजूचा महत्त्वाचा साक्षीदारही तिथेच राहत होता, आणि अखेर त्याला सोडण्यात आले. मात्र त्याच निकालात असेही बजावले आहे की, जो स्वतः पळून गेला, लपून राहिला किंवा टाळाटाळ करत राहिला, त्याला त्यामुळे झालेल्या विलंबाचा फायदा सहसा मागता येणार नाही. मागणी करणाऱ्या देशाच्या ढिलाईचे काय? २००९ मधील गोम्स प्रकरणात लॉर्ड्सनी सांगितले की, तिने पारडे फिरते ते फक्त अटीतटीच्या प्रकरणात. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर इथे आहे: उशीर किती झाला यापेक्षा तो कोणामुळे झाला आणि त्याने काय बिघडले, हे न्यायालय पाहते.

नुसती वर्षे पुरेशी नसतात, याचे उदाहरण पाहा: सन २००० च्या क्रिकेट सामनेनिश्चितीच्या प्रकरणातील आरोपी संजीव चावला यांना ब्रिटनने फेब्रुवारी २०२० मध्ये, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी, भारताच्या स्वाधीन केले. तिथल्या न्यायालयांत मुख्य वाद गाजला तो तिहार तुरुंगातील परिस्थितीवरून.

गुन्हा मुदतबाह्य होणे, म्हणजे त्यावर खटला चालवण्याची कायदेशीर मुदत संपणे, ही याहून वेगळी बाब आहे आणि तिची यात नेहमी गल्लत होते. भारतात तीन वर्षांपेक्षा अधिक कैदेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना दखल घेण्यासाठी कालमर्यादाच नाही. किरकोळ गुन्ह्यांना ती आहे, पण आरोपी देशाबाहेर किंवा फरार असल्याचा काळ त्यात धरला जात नाही.

खऱ्या घट्ट मुदती कामकाजाच्या टप्प्यांना असतात. याच करारानुसार तातडीच्या विनंतीवरून झालेल्या तात्पुरत्या अटकेनंतर साठ दिवसांत रीतसर मागणी पोहोचली नाही, तर त्या व्यक्तीला सोडावे लागते. अर्थात मागणी नंतर आली, तर कारवाई नव्याने सुरू करण्यास ही सुटका आड येत नाही.