तळं आणि लग्नपत्रिकेतली खिडकी

प्रश्न : वर्षभर दर रविवारी पवई तलावावर जलरंगात चित्रं करतो. सगळी कॅलेंडरसारखी होतात. चित्रकार क्लिम्टच्या तळ्याच्या चित्रांत आकाश फारसं दिसतच नाही. तो त्या तळ्याकाठच्याच गावचा होता का? (एक वाचक, कांजूरमार्ग)

उत्तर : गावचा कसला! गुस्ताव क्लिम्ट व्हिएन्नाचा. ऑस्ट्रियातल्याच आटरझे तळ्यावर तो उन्हाळ्यात जायचा, सुट्टीला. पण १९०० ते १९१६ या काळातले बहुतेक उन्हाळे त्याने तिथेच काढले आणि त्याची बरीचशी निसर्गचित्रं त्याच काठावरची आहेत. तुम्ही वर्षभरात कंटाळलात, म्हणून आधी हे सांगितलं.

१९०३च्या एका पत्रात त्याने आपला दिनक्रम लिहिलाय. सहाच्या सुमाराला उठून जंगलात चित्र, आठला न्याहारी, मग तळ्यात डुंबणं, पुन्हा चित्र, दुपारी डुलकी, परत पाणी. गावकरी त्याला जंगलातलं भूत म्हणायचे म्हणे!

आता आकाशाचं. पुठ्ठ्यात चौकोनी भोक पाडून तो त्यातून जागा शोधायचा; कॅनव्हासही चौरस. शिवाय दुर्बीण. त्यामुळे पलीकडचा काठ अगदी नाकाशी येतो आणि आकाशाला फारशी जागाच उरत नाही. १९००चं ‘आटरझेवर’ बघा : जवळजवळ सगळा चौकोन हिरव्या-निळ्या लाटांचा, आणि वर उजव्या कोपऱ्यात बेटाचा एक काळसर तुकडा. बस्स.

आमच्या शाळेत मी पोरांना जुन्या लग्नपत्रिका आणायला सांगायची. मधोमध सुपारीएवढा चौकोन कापायचा, एक डोळा मिटायचा. वर्गाच्या खिडकीबाहेर मैदान, झाडं, चाळ, सगळं असायचं. एकाने त्यातून नेमकी वाळत घातलेली चादर आणि तिच्यामागची भिंत धरली. मीही तेव्हा तीस वर्षं तीच खिडकी बघत होते, चादर मला कधी दिसली नव्हती.

तुम्ही बहुधा डोंगर, इमारती, पाणी, वर ढग असं सगळं एका पाव शीटवर बसवता. त्याऐवजी नुसती जलपर्णी घ्या. तीच तर तुम्ही टाळत असणार! महिनाभर त्याच दगडावर बसा, सकाळी एकदा, उन्हं उतरताना एकदा. पत्रिका खिशात असू द्या.

क्लिम्टचं डुंबणं मात्र उचलू नका. पवईत मगरी आहेत. दगडसुद्धा काठापासून जरा मागचाच निवडा.