डोअरबेल वाचवली आणि रांगच गोठली

लहान पॅकेटांचा वेग वाढावा म्हणून आपण नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये डोअरबेल (रांगेत नवे पॅकेट आले, हे कार्डाला कळवणारी रजिस्टरवरची नोंद) प्रत्येक पॅकेटमागे न वाजवता घोळक्यामागे एकदा वाजवू लागलात, वेग वाढलाही, पण दिवसातून एखाद्या वेळी पाठवणीची रांग गोठून वॉचडॉगचा (अडकलेल्या रांगेवर नजर ठेवणाऱ्या कर्नेलमधल्या पहारेकऱ्याचा) टाइमआउट येतो, हे आपल्या पत्रात वाचून मला सोलापुरातील अक्कलकोट रोड एमआयडीसीमधला आमचा पत्र्याचा शेड आठवला. तेव्हा आम्ही आठवडाभर मे महिन्याच्या उन्हाला दोष देऊन कार्डासमोर कूलर लावून बसलो होतो.

१० गिगाबिटवर सर्वांत लहान फ्रेमच्या वाट्याला ६७.२ नॅनोसेकंद येतात, त्यामुळे दरवेळी कार्डाच्या रजिस्टरवर लिहिणे परवडत नाही, हे आपण जाणताच. ‘अजून पॅकेट येत आहे’ हा कर्नेलचा इशारा आमचा ड्रायव्हरही इमानाने पाळत होता. मात्र घोळक्यातल्या शेवटच्या पॅकेटचे डीएमए मॅपिंग (कार्डाला ते थेट मेमरीतून वाचता यावे म्हणून पत्ता देणे) फसले, की तो ते पॅकेट टाकून तिथूनच माघारी फिरत असे. एसटीच्या दारातून शेवटच्या प्रवाशाला परत पाठवले, म्हणून आत बसलेल्यांसाठी कंडक्टरने डबल बेल द्यायची नाही, असला तो प्रकार होता.

एरवी पुढचे पॅकेट येऊन घंटी वाजे आणि चूक झाकली जाई. पण त्याच घोळक्यात बीक्यूएलची (रांगेत एका वेळी किती बाइट साचू द्यायचे, हे ठरवणाऱ्या कर्नेलच्या हिशेबाची) मर्यादा भरून रांग थांबलेली असेल, तर पुढचे पॅकेट येतच नाही. कार्डाला काही कळलेले नसल्याने पाठवणी पुरी झाल्याची खबरही येत नाही, आणि तिच्यावाचून थांबलेली रांग पुन्हा सुरू होत नाही.

कार्ड पुरवणाऱ्यांच्या साहाय्य विभागाने (नाव घेत नाही) पाच आठवडे ‘फर्मवेअर अद्ययावत करा’ एवढेच उत्तर दिले. चूक आमचीच होती, हे मान्य; पण टेल रजिस्टर (रांगेचे शेपूट कुठवर आले, हे डोअरबेल जिथे लिहिते ते) वाचून पाहा, एवढे एका ओळीत सांगता आले असते. शेवटी आम्हीच ते वाचले, तेव्हा ड्रायव्हरच्या हिशेबात टेल २१२ वर होता आणि कार्डात २०५ वर. सात पॅकेटे मधेच बसून होती.

आपले कार्ड मी पाहिलेले नाही, तेव्हा हे अंदाजानेच घ्यावे. तरी पॅकेट टाकून देणाऱ्या प्रत्येक वाटेवर, तसेच रांग ड्रायव्हरने किंवा बीक्यूएलने थांबवली असेल तेव्हा, इशारा काहीही असो, साचलेल्या डिस्क्रिप्टरांसाठी (कार्डाने वाचायच्या पॅकेटांच्या नोंदींसाठी) डोअरबेल वाजते का, हे आधी तपासा. रिंग, म्हणजे या नोंदींची गोल रांग, नव्याने मांडताना बीक्यूएलचा हिशेबही शून्यावर आणा. इंटरप्टच्या वेळा बदलत बसण्याचा मोह तोवर आवरावा, कारण त्याने दोष दुर्मिळ होतो आणि सापडणे आणखी कठीण जाते.