एक्स-रे संगणकाने वाचला, मग जाब कोणाला विचारायचा?

प्रश्न : आमच्या वसाहतीत भरलेल्या क्षयरोग तपासणी शिबिरात आईच्या छातीचा एक्स-रे काढला. लॅपटॉपवर एक आकडा उमटला आणि 'काही नाही, घरी जा' असे सांगण्यात आले. डॉक्टरांनी तो पाहिला की नाही, हे कळले नाही. निदान चुकले तर जबाबदार कोण?
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : आईंना दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, ताप येत असेल किंवा वजन घटत असेल, तर यंत्राचा आकडा काहीही असो, थुंकीची तपासणी करून घ्या, सरकारी केंद्रात ती मोफत होते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यापुढील व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी अशा संगणकीय वाचनाची शिफारस केली आहे, त्यामुळे यंत्र वापरले हीच चूक, असे म्हणता येणार नाही. मात्र ते 'आहे' किंवा 'नाही' असे सांगत नाही, गुण देते. किती गुणांपुढे माणसाला थुंकीच्या तपासणीला पाठवायचे, ती रेषा माणसेच आखतात. रेषा खाली आणली की प्रयोगशाळेवरचा भार वाढतो, वर नेली की काही रुग्ण निसटतात. तुर्भ्याच्या दगडखाणीत वर्षानुवर्षे धूळ खाल्लेल्या किंवा पूर्वी क्षय होऊन गेलेल्या माणसाच्या फुफ्फुसावर व्रण असू शकतात, आणि वाशीच्या कचेरीत बसणाऱ्यासाठी ठरवलेली रेषा त्याला चालेलच असे नाही. म्हणून ती स्थानिक रुग्णांवर पडताळून घ्यावी लागते, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली की पुन्हा. खरेदीच्या निविदेत किमतीचा रकाना कोणी विसरत नाही. या पडताळणीचाही रकाना तिथे हवा.

कायद्याच्या बाजूने पाहता, १ एप्रिल २०२० पासून निदानासाठीचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत येते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आरोग्यसेवेतील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीची २०२३ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे उत्तरदायित्व आणि मानवी देखरेख यांवर भर देतात, तर २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन वा व्हिडिओवरून दुरूनच दिला जाणारा वैद्यकीय सल्ला) मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा प्रणालीला रुग्णाला परस्पर सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही. ती डॉक्टरांना मदत करू शकते, इतकेच. शिबिराला टेलिमेडिसिनचा नियम थेट लागू होत नसला, तरी माझ्या मते तत्त्व तेच असावे : 'घरी जा' हा निर्णय ज्या यंत्रणेने दिला, तिच्या नोंदणीकृत डॉक्टरांची त्यावर सही हवी, आणि 'संगणकाने सांगितले' हा बचाव ऐकून घेऊ नये.

शिबिर भरवणाऱ्या कार्यालयाकडे प्रथम एक्स-रेची प्रत आणि अहवाल लेखी मागा. ते सरकारी कार्यालय असेल आणि टाळाटाळ झाली, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली जन माहिती अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. अर्जात कागदच मागा : संदर्भरेषा किती गुणांवर ठेवली त्याचा आदेश, स्थानिक पडताळणीचा अहवाल, आणि 'काही नाही' ठरवलेल्या एक्स-रेंपैकी काही डॉक्टरांनी पुन्हा तपासले असल्यास त्याची नोंद.