उंदीर बरे झाले, मग भावाच्या गोळ्या बंद करू का?

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला तीन वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो आजार) आहे. त्यावरच्या मेसालामाइनच्या गोळ्या चालू आहेत, सध्या रक्त वगैरे पडत नाही. पण त्याने कुठेतरी वाचलं की सालईच्या डिंकाचा अर्क देऊन उंदरांचं आतडं आठवड्यात बरं केलं, आणि आता गोळ्या सोडून तेच घेतो म्हणून हटून बसलाय. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, आधी गोळ्या बंद करू देऊ नका, बाकीचं सावकाश बोलू.

उंदीर बरे झाले हे खोटं नसणार, पण ते आजारी कसे पडले ते बघा ना. त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डीएसएस नावाचं केमिकल दोन-तीन टक्के घालतात, आठवडाभरात जुलाब, रक्त, वजन कमी, सगळं सुरू. आणि ते पाणी बंद केलं की बरेचसे उंदीर आपले आपणच सुधारायला लागतात, अर्क द्या नाहीतर नका देऊ. शिकत असताना मी हे काम केलंय. शेवटी आतडं काढून पट्टीशेजारी ठेवायचं आणि लांबी मोजायची, कारण सूज आली की ते आखडतं, आठ सेंटिमीटरचं पाच-सहावर येतं. ओलं, निसरडं असतं, बोटांनी जरासं जास्त ताणलं तरी लांबी वाढते, म्हणून मोजणाऱ्याला कुठला उंदीर अर्कवाला ते कळू द्यायचं नसतं (आमच्याकडे सगळ्यांना माहीत असायचं, ते सोडा). शिवाय पुष्कळ प्रयोगांत अर्क आजार व्हायच्या आधीपासूनच चालू करतात. तुमच्या भावाला कुणी आधीपासून दिला होता का? पुढे काय तपासायचं ते निवडायची चाळणी म्हणून ही टेस्ट ठीक आहे, पण हा काही इलाजाचा पुरावा नाही.

माणसांवर सालई तपासलीये. १९९७ साली जम्मूच्या अभ्यासात सहा आठवड्यांत सालईवाले ८२ टक्के पेशंट रेमिशनमध्ये गेले, म्हणजे आजार शांत झाला, आणि सल्फासालाझिन या जुन्या औषधावरचे ७५ टक्के. ऐकायला भारी वाटतं, पण सल्फासालाझिनवाले पेशंट होते फक्त ८, म्हणजे ते ७५ टक्के म्हणजे सहा जण, त्यातला एक इकडचा तिकडे झाला तरी आकडा साडेबाराने हलतो. मग जर्मनीत क्रोन्सच्या (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार) पेशंटना वर्षभर सालई देऊन पाहिली, रेमिशन टिकलं सालईवर ६० टक्के जणांचं आणि डमी कॅप्सूलवर (आत औषध नसलेल्या) ५५, ट्रायल मधेच थांबवली.

आणि डमीला कमी समजू नका. आपलं किराईत, कालमेघ हो, त्याचा अर्क २२४ कोलायटिसवाल्यांवर तपासला. १८०० मिलिग्रॅमवर ६० टक्के सुधारले, १२०० वर ४५, आणि नुसत्या डमीवर ४०! हा आजार स्वतःहून वरखाली होत राहतो, त्यामुळे शेजारी डमी नसेल तर कुठलंही चूर्ण गुणकारी वाटणारच. पुढची मोठी ट्रायल २०१४ मध्ये बंद केली, फरक दिसेना म्हणून.

लागू पडतं तेही निर्धोक असतंच असं नाही. जपानमध्ये निळीच्या पानांच्या पुडीने बहुतेक पेशंट सुधारले, पण ती स्वतःच्या मनाने घेणाऱ्या एकाला फुप्फुसाच्या धमनीत प्रेशर वाढल्याचं आढळलं आणि ती ट्रायलही थांबवावी लागली. तेव्हा भावाला सांगा, अर्क घ्यायचाच तर डबी डॉक्टरांना दाखवून, गोळ्यांच्या जोडीला घे. अधूनमधून शौचाची कॅलप्रोटेक्टिन टेस्ट करा, रक्त दिसायच्या आधी सूज त्यात कळते.

प्रश्न: मग हळदीचं दूध तरी चालेल ना?

उत्तर: सांगलीत राहून हळदीला नाही कोण म्हणेल. पण जपानमध्ये २००६ साली ८९ पेशंटवर जे तपासलं ते दूध नव्हतं, रोज २ ग्रॅम कर्क्युमिन होतं, तेही नेहमीच्या गोळ्यांसोबत. सहा महिन्यांत कर्क्युमिनवाल्या दोघांनाच आजार उलटला, डमीवाल्या आठ जणांना. आता हळदीत कर्क्युमिन असतं तीनेक टक्के, म्हणजे रोज पासष्ट-सत्तर ग्रॅम हळद झाली. एवढी दुधात कशी ढवळणार? आणि दिल्लीच्या एम्समध्ये दिवसाला ४५० मिलिग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं तर डमीपेक्षा काही जास्त नाही निघालं. दूध पचत असेल तर चवीला घ्या. कॅप्सूल मात्र मनाने सुरू करू नका, हळदीच्या सप्लिमेंटने लिव्हरला सूज आल्याच्या केसेस इटली-अमेरिकेत नोंदल्या गेल्यात.